ओहोटीचा अर्ज

परवा आमच्या खुंटाला पर्यटकांची बोट बांधलेली. "हा खुंट आमचा आहे," म्हटलं, तर बोटवाला पोरगा म्हणतो, "सातबारा दाखवा."

खुंटाचा सातबारा! शास्त्री नदीच्या खाडीवर घर आमचं, पायऱ्या आमच्या, खुंट आजोबांनी ठोकलेला. पण 1966च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे भरतीच्या रेषेखालचा खाडीचा तळ सरकारचा. पूर्वी हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. जयगड-तवसाळ फेरीबोटीतून पुण्यामुंबईच्या गाड्या उतरू लागल्या आणि डॉल्फिन दाखवणारे उगवले. डॉल्फिन दिसला नाही तरी पैसे परत मिळत नाहीत. असो.

तर खुंटाला होडी बांधायची परवानगी मागणारा अर्ज घेऊन कचेरीत गेलो.

"खुंट जमिनीत की पाण्यात?"

"ओहोटीला जमिनीत, भरतीला पाण्यात."

"एक काय ते लिहा."

ओहोटी लिहिली. बाकावर एक गृहस्थ बसलेले. त्यांचं कचेरीत काही काम नसतं, पंखा चांगला म्हणून येतात, असं शिपायाने नंतर सांगितलं. त्यांनी माझी नक्कल ओढून घेतली आणि मयताला भेटायला आल्यासारखा चेहरा केला.

"अर्ज दिलात?"

"दिला. पोचही घेतली."

"आटोपलं मग."

"काय आटोपलं काका?"

"हक्क! 1882चा ईझमेंट ॲक्ट, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांचा कायदा. खासगी जागेवर वीस वर्षं, सरकारी जागेवर तीस वर्षं वहिवाट केलीत तर हक्क लागतो. पण ती राजरोस हवी, हक्काने हवी. परवानगी मागितलीत की वहिवाट कसली, मेहरबानी झाली ती. आणि तुम्ही लिहिलंय, 'नम्र विनंती.' नुसती विनंती नव्हे हो, नम्र!"

"म्हणजे न विचारता बांधत राहायचं?"

"चोरून नाही हां. सगळ्यांदेखत. पण न विचारता."

"तेच तर करत होतो!"

"मग इथे कशाला आलात? बरं, होडी पाण्यात आहे ना? वापर दाव्याच्या आधी दोन वर्षांपर्यंत तरी चालू हवा."

"अंगणात आहे. तळ कुजलाय."

काकांनी डोळे मिटले. उघडले ते थेट चहावाल्याकडे बघत. "आणि खुंटाशी तिवर रुजलाय का?"

"एक रोपटं आलंय."

"हात लावू नका. तिवर म्हणजे कांदळवन, तोडायला बंदी!" चहाचे पैसे मीच दिले.

कायदा बरोबर असेल, वाद नाही. पण आम्ही घरपट्टी भरायची, पोच जपून ठेवायची, रोपट्याला वळसा घालून उतरायचं, आणि तो पोरगा? तो कुणाला विचारत नाही, सगळ्यांदेखत बांधतो, हक्काने बांधतो. काकांच्या हिशेबाने आणखी तीस वर्षांनी खुंट त्याचा.

काल अर्ज परत आला. चतुःसीमेत दक्षिणेला मी 'शास्त्री नदी' लिहिलं होतं. शेजारी लाल शाईत शेरा आहे : 'दक्षिणेकडील शेजाऱ्याचं संमतिपत्र जोडावे.'