पाहुणा माजघरातून आला

माझ्या वेबसाइटवर उजव्या हाताला 'लोकप्रिय लेख' नावाची एक चौकट आहे. त्यात पाच लेख. पहिल्या क्रमांकावर गेली तीन वर्षं ठाण मांडून बसलाय तो 'प्रिंटरमध्ये अडकलेला कागद कसा काढावा'. माझाच कागद अडकला होता तेव्हा रागाच्या भरात पंधरा मिनिटांत खरडलेला. आणि ज्या 'एकांत'पायी मी दोन महिने घरच्यांशी धड बोललो नाही, तो लेख या चौकटीकडे कधी फिरकलासुद्धा नाही.

एके दिवशी मनात आलं, या चौकटीवर कुणी क्लिक तरी करतं का? हा प्रश्न पडेपर्यंत मी सुखी माणूस होतो.

मोजायचं म्हणून चौकटीतल्या प्रत्येक लिंकला यूटीएमचं शेपूट (वाचक कुठून आला ते सांगणारी, लिंकच्या शेवटी चिकटवायची अक्षरं) जोडलं. दोनच दिवसांत ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे वाचकांच्या हजेरीपटात, वाचक पाठवणारा एक नवा दाता उगवला. कोण बुवा हा, म्हणून कृतज्ञतेनं पाहिलं, तर मीच! ही शेपटं बाहेरून येणाऱ्या लिंकांसाठी असतात म्हणे. घरातल्या घरात लावली, की सर्चमधून आलेला पाहुणा दिवाणखान्यातून आत वळताच 'माजघरातून आला' अशी त्याची नोंद होते. शेपटं कापली आणि क्लिक हा स्वतंत्र इव्हेंट, म्हणजे वेगळी घटना, म्हणून नोंदवायला लागलो.

महिन्याचे क्लिक अकरा. मी खूश. मुलगी म्हणाली, "बाबा, नुसते क्लिक काय मोजतोस? चौकट किती वेळा दिसली, त्यानं भाग. हजार वेळा दिसून वीस क्लिक आले तर दोन टक्के. आणि तुझे स्वतःचे क्लिक वगळलेस ना?"

वगळले. चार उरले.

भागाकाराचंही तेच. पान उघडलं की चौकट दिसली, असं मी धरून चाललो होतो. पण मोबाइलवर उजवी बाजू नावाची वस्तूच नसते. तिथे माझी चौकट घसरून लेखाच्या खाली, तळटिपांच्या खाली, पार तळघरात जाऊन बसली होती. तिथवर स्क्रोल करत जाणारा एकमेव वाचक म्हणजे पुन्हा मीच.

मग चौकट लेखाच्या लगेच खाली आणली. एका लेखाला दोन मथळे देऊन अर्ध्या वाचकांना एक, अर्ध्यांना दुसरा दाखवला. आठवड्यानं जाहीर केलं, "शंभर टक्के वाढ!" मुलीनं आकडे पाहिले. "बाबा, एकाचे दोन झालेत."

त्याच सुमारास एका प्रयोगाविषयी वाचलं. सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. चौदा हजारांवर माणसं आणि अनोळखी बँडची ४८ गाणी. माणसं वेगवेगळ्या 'विश्वां'त वाटली आणि त्या त्या विश्वात कुठलं गाणं किती जणांनी डाउनलोड केलं ते तिथल्या माणसांना दाखवलं. प्रत्येक विश्वात वेगळीच गाणी वर गेली. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत नि अगदी टाकाऊ शिखरावर पोचली नाहीत, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. मला हायसं वाटलं. म्हणजे 'एकांत' वाईट नव्हता, चुकीच्या विश्वात जन्मला होता! (तो टाकाऊंपैकी असू शकतो ही शक्यता मी अभ्यासाच्या कक्षेबाहेर ठेवली.)

यादीत आहे म्हणून वाचतात आणि वाचतात म्हणून यादीत राहतो, हे चक्र मोडायला यादी फक्त गेल्या सात दिवसांवर आणली. प्रिंटर जागचा हलला नाही. लोक त्याच्याकडे सर्चमधून थेट येत होते. त्याला माझ्या चौकटीची गरजच नव्हती.

शेवटी रात्री साडेअकराला मी ते पाप केलं. प्रिंटर काढला आणि 'एकांत' हातानं पहिल्या जागी बसवला. आठवड्यात नऊ क्लिक! एकही माझा नाही. वर चक्क एका वाचकाचा ईमेल. धडधडत्या छातीनं उघडला.

"तुमचा एकांतावरचा लेख उघडून पाहिला. इथे आधी प्रिंटरचा लेख होता, तो कुठे गेला? माझा कागद अडकलाय."

मी त्याला लिंक पाठवली. शेपटासकट.