आग आमची, ऊब आकाशाची

फायरप्लेस धडधडून पेटलेली असताना पाहुण्याने तिच्यासमोर कोट, मफलर आणि कानटोपी चढवून बसणं हा यजमानाचा जाहीर पाणउतारा आहे. पाहुणा व्याही असेल तर तो हसत हसत करून घ्यावा लागतो. परवा आमचे व्याही अगदी तसेच बसले होते, आणि सूनबाईला, हिला, शिवाय आतल्या खोलीतल्यांनाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "तुमच्याकडे आग पेटवली की जरा जास्तच गारठतं, नाही?"

चीड याची, की ते शंभर टक्के खरं बोलले होते. उघडी फायरप्लेस खोली तापवते कमी आणि हवा बाहेर फेकते जास्त. लाकडातल्या उष्णतेपैकी साधारण 10 टक्के खोलीच्या वाट्याला येते, तीही समोर बसलेल्याच्या गुडघ्यांवर. उरलेली चिमणीतून वर जाते आणि एकटी जात नाही. हीटरने पैसे जाळून तापवलेली खोलीतली हवा सोबत घेऊन जाते. ती जागा भरायला दाराखालच्या फटी, खिडक्यांच्या चौकटी, विजेच्या बटणांमागची भोकं, जिथून मिळेल तिथून बाहेरची गार हवा आत शिरते. म्हणून तोंड भाजतं आणि पाठ काकडते.

त्यात थर्मोस्टॅट याच खोलीत असला तर त्याला वाटतं घर तापलं. तो हीटर बंद करून मोकळा होतो आणि आतल्या खोल्यांत लोक दुलया ओढून बसतात. तो दुसऱ्या खोलीत असला तर आत शिरलेल्या गार हवेने घाबरून हीटर धावत सुटतो. म्हणजे लाकडाचा खर्च वेगळा आणि बिल वाढलेलं वेगळं.

यावर उपाय आहे, आणि फुकट आहे. फायरप्लेसच्या खोलीचं दार लावून घ्यायचं. थर्मोस्टॅट 12-13 अंशांवर उतरवायचा, कारण दोन्ही एकदम चालवण्यात काहीच बचत नाही. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद ठेवायचा, नाहीतर तो आणि चिमणी एकाच हवेसाठी भांडतात, पंखा जिंकतो आणि धूर घरात येतो. आणि फायरप्लेसच्या सगळ्यांत जवळची खिडकी इंचभर उघडायची. आगीला हवा लागणारच आहे. ती तिथल्या तिथे मिळाली तर अख्ख्या घरातली गरम हवा ओढली जात नाही.

मी खिडकीला हात घातला आणि व्याही ताठ झाले.

"अहो, मला थंडी वाजतेय म्हणून सांगतोय, आणि तुम्ही खिडकी उघडताय?"

"इंचभरच. आगीला हवा लागते."

"आग पेटली की. आता कशाला लागते?"

या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणजे उत्तर आहे, पण ते सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे आणि व्याह्यांना सातवीचं पुस्तक दाखवता येत नाही.

"आणि ही उष्णता बघा कशी सरळ वर चाललीय," आगीत वाकून, मफलरची टोकं जळतील इतकं वाकून, ते म्हणाले. "तिथे झडप असते ना? ती लावून टाका. सगळी ऊब घरात."

"धूरही घरात येईल."

"थोडा येईल. थंडीपेक्षा धूर परवडला."

डँपर म्हणजे ही झडप, तिचा नियम असा: काडी लावण्याआधी पूर्ण उघडी, आणि शेवटचा निखारा विझून राख हाताला गार लागेपर्यंत उघडीच. मग मात्र न विसरता बंद, कारण आग नसताना उघडी राहिलेली झडप म्हणजे छताला पाडलेलं भोक. हीटरची ऊब रात्रंदिवस त्यातून जाते. धूर दिसतो तरी. निखारे जिवंत असताना झडप लावली तर जो कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठतो त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेत माणूस मारतो. लाल-लाल, धूर न करणारे, 'आता काय, विझलंच' असं वाटणारे निखारेच तो सगळ्यांत जास्त सोडतात. तेव्हा या वायूचा अलार्म बसवल्याशिवाय फायरप्लेस पेटवूच नये, आणि त्याची बॅटरी भिंतीवरच्या घड्याळासाठी काढून नेऊ नये. आमच्याकडे नेली जाते.

व्याह्यांनी भेट म्हणून लाकूडही आणलं होतं. कुणाकडचं झाड छाटलं होतं, त्यातले दोन जाडजूड ओंडके, कापलेल्या टोकांना अजून ओल.

"ताजं आहे," ते अभिमानाने म्हणाले. "ताजं लाकूड जास्त वेळ जळतं."

जळत नाही, पण वेळ घेतं हे खरं. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असतं. पाच किलोच्या ओंडक्यात अडीच लिटर पाणी धरा. ते उकळून वाफ करण्यातच लाकडातल्या उष्णतेचा सातवा हिस्सा जातो. त्याहून मोठं नुकसान पुढे आहे. पाण्यामुळे आग थंड पडते, आणि लाकडातून निघणारे वायू साधारण 600 अंशांच्या खाली नीट पेटत नाहीत. ते न जळताच वर जातात, चिमणीच्या गार भिंतींवर थिजतात, आणि तिथे डांबरासारखं क्रिओसोट साचतं. म्हणजे निम्मं इंधन चिमणीला फासायचं, आणि एखाद्या दिवशी ते आतल्या आत पेटलं की अग्निशमन दल बोलवायचं. चिमणी वर्षातून एकदा तपासून, झाडून घ्यायची ती यासाठी.

लाकूड 20 टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचं हवं. त्यासाठी ते आधी फोडायचं, सालीसकट अख्खा ओंडका वर्षभर ठेवला तरी आतून ओलाच राहतो. ढलप्या तीन ते सहा इंच जाडीच्या. जमिनीपासून उचलून, वारा खेळेल अशा रचायच्या, वरून झाकायचं, बाजू उघड्या. चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळणारे लोक लाकडाला घाम आणतात. मऊ लाकडाला सहा महिने ते वर्ष, ओकसारख्या कडक लाकडाला दोन वर्षंही लागतात. मॉइश्चर मीटर मिळतो, पण त्याच्या सुया ढलपी ताजी फोडून आतल्या भागावर टोचायच्या. मीटर नसेल तर दोन ढलप्या एकमेकींवर आपटा: वाळलेल्या टणटणतात, ओल्या थप्प वाजतात.

व्याह्यांनी मीटर सालीवर टोचला. मग माझं लक्ष नसताना ओंडका आगीवर ठेवला. टोकांना फेस आला, सूं सूं आवाज सुरू झाला, ज्वाळा खाली बसल्या. "ऐका," ते कौतुकाने म्हणाले, "बोलतंय लाकूड."

बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजेच काउंट रम्फर्ड हा उष्णतेचा शास्त्रज्ञ, याची मला अशा वेळी आठवण येते. या गृहस्थाने 1796 मध्ये फायरप्लेसवर निबंध छापून सांगितलं की तुमची चूल खोल आणि चौकोनी आहे हाच घोटाळा आहे. त्याने ती उथळ केली, बाजूच्या भिंती तिरप्या करून बाहेर उघडल्या, मागची भिंत समोरच्या तोंडाच्या एक तृतीयांश रुंदीची ठेवली आणि धुराचा गळा चार इंचांवर आणला. तिरप्या भिंतींवरून उष्णता खोलीत परतते, अरुंद गळ्यातून कमी हवा पळते. लंडनमध्ये लोकांनी चुली फोडून त्याच्या मापाने बांधून घेतल्या. इतकी घरं उबदार करणाऱ्याचा स्वतःचा संसार मात्र धड तापला नाही. प्रसिद्ध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याच्या विधवेशी त्याने लग्न केलं. तिचे पाहुणे त्याला आवडेनात म्हणून त्याने फाटकाला कुलूप लावलं, तर तिने त्याच्या फुलझाडांवर उकळतं पाणी ओतलं. पाहुण्यांसाठी फाटकाला कुलूप, ही त्याची कल्पना चुलीच्या मापांइतकी गाजली नाही, हे दुर्दैव.

तर, मी कोरड्या ढलप्या आणायला मागे गेलो. परत येईपर्यंत अलार्म किंचाळत होता, खोली निळसर झाली होती, आणि व्याही घरभर फिरून खिडक्या उघडत होते. इंचभर नव्हे, सताड. झडप त्यांनीच लावली होती हे मी सांगणार इतक्यात ही म्हणाली, "नशीब, यांनी प्रसंगावधान राखलं." त्यांनी हात हलवून ते मान्य केलं. पुढचा तास घर बाहेरच्या तापमानाला होतं आणि हीटर पूर्ण जोरात. त्या तासाचं बिल मी कुणाला दाखवू?

खरं तर अशी फजिती टाळण्याची साधनं साधी आहेत. चिमणी गार असेल तर तिच्यातली जड हवा खाली उतरते आणि पहिला धूर तोंडावर येतो. आधी वर्तमानपत्राची सुरळी पेटवून झडपेखाली मिनिटभर धरली की ओढ सुरू होते. आग वरून लावायची: जाड ढलप्या तळाला, त्यांवर बारीक, त्यांवर काटक्या, कागद सगळ्यांत वर. लोकांना हे उलटं वाटतं, पण ज्वाळा वर असल्या की खालून निघणारा वायू त्यांतून जाताना जळतो, आणि धूर कमी होतो. मागच्या भिंतीला बिडाची जाड पाटी उभी केली की ती तापून खोलीकडे ऊब फेकते. काचेची दारं असली तर झोपताना ती लावून घ्यायची. निखारे जिवंत म्हणून झडप उघडी ठेवावीच लागते, निदान खोलीची हवा तरी रात्रभर वर जात नाही. भडकलेल्या आगीवर मात्र साधी कडक केलेली काच बंद करू नये, तडकते.

आणि ज्याला खरंच पैसे वाचवायचे आहेत त्याने यातलं काहीही न करता सरळ इन्सर्ट बसवावा. फायरप्लेसच्या पोकळीत बसणारी ही बंद लोखंडी शेगडी, हवा मोजून घेणारी, चिमणीच्या टोकापर्यंत स्टीलची नळी असलेली. 10 टक्क्यांच्या जागी 60 ते 80 टक्के उष्णता घरात देते. खर्च एकरकमी येतो, म्हणून तो विषय आमच्याकडे 'पुढच्या वर्षी' या कप्प्यात आहे. इन्सर्टची झडप बाहेरच्या माणसाला चटकन सापडत नाही, हा गुण जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

राहिली राख. इंचभर थर चुलीत राहू द्यायचा, निखारे त्यात टिकतात आणि पुढची आग लवकर धरते. जास्तीची काढायची ती धातूच्या बादलीत, घट्ट झाकण लावून, घराबाहेर आणि लाकडी फळ्यांपासून लांब, कारण राखेत झाकलेला निखारा दिवसेंदिवस जिवंत राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांना आठवलं की राख झाडांना चांगली, आणि त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत भरायला घेतली. मी बादली घेऊन येईपर्यंत पिशवीच्या बुडाला भोक पडलं होतं. ते त्यांनी उजेडाकडे धरून नीट पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्याकडे पिशव्याही हलक्याच येतात."