यांडेक्समध्ये विकास बँकेचं काय काम? : प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप असा, की विकास बँकेने सार्वजनिक पैसा यांडेक्स या रशियन सर्च इंजिनात घालणं हा विकास नसून सट्टा आहे. त्यात आपल्या कराचाही वाटा. आणि एवढं करून यांडेक्स शेवटी रशियन धनिकांच्याच घशात गेली.

कराचं आधी उरकतो. ही बँक म्हणजे अनेक देशांच्या सरकारांच्या मालकीची युरोपीय पुनर्रचना व विकास बँक (ईबीआरडी). तिने रशियात नवे प्रकल्प घेणं २०१४ मध्येच थांबवलं. भारत सभासद झाला २०१८ मध्ये. त्या पैशात आपला छदामही नव्हता.

आता सट्टा. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने कर्जफेड थांबवली, रुबल कोसळला. त्यानंतर दोनच वर्षांनी मॉस्कोतल्या सर्च इंजिनला पैसे द्यायला कोण रांगेत उभं होतं? रस्त्याच्या कर्जाला निदान सरकारची हमी तरी मिळते. इथे तारण काय ठेवणार, चार सर्व्हर आणि दहा पोरं? २००० साली यांडेक्सचा ३५ टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा सुमारे ५३ लाख डॉलरना विकला गेला. घेणाऱ्यांच्या मागे बेरिंग वोस्तोक ही रशियात पैसा गुंतवणारी खाजगी कंपनी होती आणि तिच्या फंडांत ईबीआरडीचे पैसे होते. (बँकेने थेट यांडेक्सला पैसे दिले, असं मी मूळ लेखात लिहून गेलो. चूक माझीच.) मे २०११ मध्ये नॅसडॅकवरच्या भागविक्रीत १.३ अब्ज डॉलर उभे राहिले. खाजगी पैसा आपणहून जाईल तिथे बँकेने जाऊ नये, हे तिचं स्वतःचंच तत्त्व. २००० साली ती त्याला धरून होती. २०११ नंतर यांडेक्ससारख्या कंपनीत शिरली असती, तर मीही तुमच्या बाजूने भांडलो असतो.

शेवटाबद्दल मात्र तुमचं खरं आहे, आणि ते मला जास्त बोचतं. बेरिंग वोस्तोकचे संस्थापक मायकेल काल्वी हे एकेकाळी ईबीआरडीतच नोकरीला होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये एका बँकेच्या मालकीवरून चाललेल्या व्यावसायिक भांडणात त्यांना मॉस्कोत अटक झाली. भांडवल आलं, कंपन्या उभ्या राहिल्या, पण भागधारकाने निर्धास्तपणे दाद मागावी असं कोर्ट काही उभं राहिलं नाही. जुलै २०२४ मध्ये यांडेक्सच्या डच मूळ कंपनीने रशियातला धंदा सुमारे ५.४ अब्ज डॉलरना रशियन खरेदीदारांना देऊन टाकला. बँकेच्या सनदेतल्या पहिल्याच कलमात बाजारपेठेसोबत बहुपक्षीय लोकशाहीही आहे. त्या अर्ध्या भागाचा हिशेब बँकेकडे मागायलाच हवा.

आणि हो, बँकेच्या संगमरवरी थाटावर तुम्ही मारलेला टोमणा मान्य. लंडनच्या मुख्यालयातला संगमरवर बदलायला साडेसात लाख पौंड गेले, आणि खर्चाच्या त्या गदारोळात १९९३ मध्ये पहिले अध्यक्ष जाक अताली यांना जावं लागलं. त्यावर पुढच्या आठवड्यात लिहितोय.