उतारशाळेत जागा नव्हती

काल ऑफिसात सीक्रेट सांताच्या चिठ्ठ्या काढल्या. मर्यादा 500 रुपये. लाल टोपी घालून वाटप करायचं काम दरवर्षीप्रमाणे माझ्याकडे, कारण अख्ख्या मजल्यावर ख्रिस्ती मी एकटा. मी ते हौसेनं करतो, तक्रार नाही. पण खरं सांगायचं तर आमच्या घरी सांता कधी आलाच नाही. नगरला आमच्या गल्लीत नाताळ म्हणजे शिंप्याकडून ऐन वेळेला आलेला नवा सदरा, आईच्या करंज्या आणि पेटी-ढोलकी घेऊन रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दारोदार गाणारी कॅरलवाली पोरं. चमकत्या कागदात गुंडाळून कुणी कुणाला काही दिल्याचं आठवत नाही.

माझ्या आजीला बायबलातला एकच शब्द पुरायचा. गव्हाण. लूकच्या शुभवर्तमानात मरीयेनं बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या सराईत, जागा नव्हती. आजीच्या गावच्या घरात गव्हाण होती. कडब्याचा भुगा, पेंडीचा वास, जनावरांच्या लाळेनं गुळगुळीत झालेलं लाकूड. ती म्हणायची, "गाईच्या तोंडापुढचा चारा बाजूला सारला आसंल, तवा त्या लेकराला जागा झाली." गाईचा उल्लेख लूक करत नाही, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तोवर आजी गेली होती, आणि असती तरी तिनं ऐकलं नसतं.

भेटवस्तूंचं म्हणाल तर त्या आहेत की! सोनं, ऊद आणि गंधरस. पण ती गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानातली. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, ताऱ्याच्या मागोमाग आले तेव्हा मूल घरात होतं, असं मत्तय लिहितो. गव्हाणीतल्या त्या रात्री आले ते मेंढपाळ, आणि त्यांनी काही आणल्याचं लूक सांगत नाही. रिकाम्या हातांनी आले, बघितलं, देवाचं गौरव करत माघारी गेले. पहिल्या नाताळात अडचण जागेची होती. वस्तूंची सोय मागाहून झाली.

पप्पा एस.टी.त कंडक्टर होते. 1988 च्या नाताळाच्या आदल्या रात्री ते ड्युटी संपवून आले ते एका म्हाताऱ्याला घेऊन. बाबांची लेक दवाखान्यात, तिच्याजवळ बसता बसता वेळ झाला आणि पाथर्डीची शेवटची गाडी निघून गेली. माळीवाडा स्टँडवर घोंगडी पांघरून बसले होते. आईनं पप्पांकडे जे बघितलं ते मी विसरलेलो नाही. दोन खोल्या, आम्ही सहा जण, त्यात मामाची पोरं आलेली. वर बाबांच्या गळ्यात माळ. म्हणाले, "माय, म्या माळकरी हाये, मला मटान चालायचं न्हाई. च्या दिला तरी बास."

आईनं मटणाचं पातेलं बाजूला ठेवलं, कढई घासून घेतली आणि पिठलं टाकलं. माझी झोपायची जागा बाबांना गेली. मला राग आला होता, हेही सांगून टाकतो. रात्री पोरं आली, दारात ढोलकी घुमली, ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांची भजनं सुरू झाली. बाबा उठून बसले, टाळी धरली. पोरं गेल्यावर म्हणाले, "चाल तर आमचीच हाये की." बरोबरच होतं त्यांचं. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, पण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते स्वतःच सांगत. सकाळी पहिल्या गाडीनं बाबा गेले. पुन्हा कधी भेटले नाहीत.

नोकरीला पुण्यात आलो तेव्हा खोली शोधत फिरलो. आडनाव अस्सल नगरी, नाव बायबलातलं. एका घरमालकांना ते जुळेना. "म्हणजे तुम्ही नक्की कोण?" मी सांगितलं. संध्याकाळी फोन आला की खोली पाहुण्यांना द्यायचं ठरलंय. पुढच्या आठवड्यातही 'भाड्याने देणे आहे' ही पाटी तिथंच होती. तेव्हा मला उतारशाळा कळली असं मी अनेक वर्षं मानत होतो. चर्चच्या युवक मंडळात हा किस्सा दोनदा सांगितलाय, टाळ्याही घेतल्यात.

आता गेल्या वर्षीचं. गावाकडचे एक काका, पप्पांचे चुलतभाऊ, तपासणीसाठी पुण्याला आले. 23 डिसेंबर. आमचा टू बीएचके. दुसऱ्या खोलीत ट्रेडमिल, त्यावर वाळत घातलेले कपडे, मुलीची जुनी सायकल, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची खोकी. मी काकांना म्हणालो, तुमची गैरसोय होईल हो. दवाखान्याजवळ लॉज बघून दिला, पैसे भरले, वर केक आणि सुक्या मेव्याचा मोठा डबा दिला. रिबीन बांधलेला. पप्पांना फोनवर सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "लॉज चांगला होता ना?" आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

त्यानंतर कुठंतरी वाचलं की लूकनं 'उतारशाळे'साठी वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ घरातली पाहुण्यांची खोली असाही होतो. येशूच्या शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी त्यानं तोच शब्द घातलाय, आणि येशूनं सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीतल्या सराईसाठी मात्र वेगळा. म्हणजे नाटकात आपण दाखवतो तसा दार लावून घेणारा कुणी खडूस सराईवाला तिथं नसेलही. एखाद्या नातेवाइकाची भरलेली खोली असेल. ट्रेडमिल सोडून बाकी सगळं असेल तिच्यात.

500 रुपयांत कुणाला काय द्यायचं ते मला पाच मिनिटांत सुचतं. त्या खोलीतली सायकल हलवायला मात्र अकरा महिने लागले. रविवारी हलवली. खोकी भंगारवाल्याला दिली, ट्रेडमिल भिंतीला लावली, एक खाट बसते आता.

काल रात्री काकांना फोन केला. जय ख्रिस्त झालं, तब्येत झाली. म्हटलं, नाताळाला इकडंच या, आमच्याकडे राहा.

काका म्हणाले, "डॉक्टरची तारीख जानेवारीची हाये रे. आन् लॉज बरा होता तो, गरम पाणी होतं. तू कशाला त्रास घेतोस?"