खुलासा: ‘मॅक-लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हे खरं नाही
‘विंडोज काढा, मॅक किंवा लिनक्स घ्या, व्हायरसची कटकटच संपली’ असा मेसेज फिरतोय. तसं काही नाही. २०१२मध्ये फ्लॅशबॅक या घातक प्रोग्रामने सहा लाखांवर मॅक पोखरले; तो शिरला ती फट जावा या सॉफ्टवेअरमधली, ते बनवणाऱ्या ओरॅकलने ती आधीच बुजवली होती, ॲपलचा पॅच (फट बुजवणारं अपडेट) मात्र उशिरा आला. लिनक्सचं म्हणाल, तर मार्च २०२४मध्ये लिनक्ससोबत येणाऱ्या एक्सझेड या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या साधनात चोरदरवाजा सापडला. तोही कसा? लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून आंद्रेस फ्रॉइंड हे प्रोग्रामर खोदत गेले. (गंमत म्हणजे ते मायक्रोसॉफ्टमध्येच नोकरीला!) विंडोजवर हल्ले जास्त होतात, हे मान्य, घरोघरी तेच आहे. पण मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा फाइल अडकवून खंडणी मागणारा व्हायरस ज्या फटीतून शिरला, तिचा पॅच मार्चमध्येच आला होता. सापडली ती बहुतेक अपडेट रखडवलेली विंडोज ७ची मशिन्स.