पाऊण युनिटाचा संसार

हायब्रीड गाडीचं ॲव्हरेज किती, हे विचारणारे मराठवाड्यात दुसऱ्या नंबरवर आहेत. पहिला नंबर 'चार्जिंग कुठं करता?' विचारणाऱ्यांचा. या गाडीला पिनच नसते असं सांगितलं, की शोरूमवाल्यानं आपल्याला पिन द्यायचीच ठेवली अशा नजरेनं समोरचा बघतो. मग सविस्तर सांगा, की पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते, तिची बॅटरी इंजिन भरतं, आणि ब्रेक दाबला की तीच मोटर उलटी जनित्र होऊन थोडी भर घालते. "अन् लाईट गेल्यावर?" लाईटचा संबंधच नाही, मामा. मामांना पटत नाही. जिचा लाईटशी संबंध नाही अशी वस्तू त्यांनी आजवर पाहिलेली नाही.

मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या जोडगोळीनं 2022 साली ही भानगड शोरूमच्या भावात 20 लाखांच्या बरीच आत आणली, तेव्हापासून तिला 'परवडणारी' म्हणायची पद्धत आहे. घ्यायला जाताना एक गोष्ट पक्की करून जा. 'हायब्रीड' लिहिलेली प्रत्येक गाडी मोटरवर चालत नाही. माइल्ड हायब्रीडमध्ये थोडा दणकट स्टार्टर-जनरेटर असतो; तो इंजिनाला हातभार लावतो, एकट्यानं गाडी ओढत नाही. पायाखाली क्लच दिसला की ती माइल्ड समजा. क्लच नसला तरी हुरळून जाऊ नका, माइल्डही ऑटोमॅटिक मिळते. टेस्ट ड्राइव्हला गर्दीच्या रस्त्यानं गाडी न्या. इंजिन गप्प आणि चाकं फिरतायत, असं झालं तरच ती स्ट्राँग, म्हणजे नुसत्या मोटरवरही चालणारी.

मग हिशेब. स्ट्राँग आणि साध्या गाडीत 3 लाखांचा फरक धरा. कागदावर स्ट्राँगचं ॲव्हरेज लिटरला 27.97, पण कागदावर एसी नसतो आणि मागच्या सीटवर पाहुणेही नसतात. आपण 22 धरू, साधीचं 16. पेट्रोल 105 रुपये धरा. किलोमीटरला साधारण 4.77 विरुद्ध 6.56, म्हणजे वाचले 1 रुपया 79 पैसे. 3 लाख वसूल व्हायला सुमारे 1,67,600 किलोमीटर! वर्षाला 12,000 चालवणाऱ्याला चौदा वर्षं लागतील, आणि तोवर शोरूमला सोबत नेलेलं लेकरू स्वतःच्या गाडीचे हप्ते भरत असेल. बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी होईल ते. म्हणजे फायदा सुरू व्हायच्या आधी वॉरंटी रामराम करते. ज्याचं वर्षाला 25,000-30,000 चालणं आहे त्यानं खुशाल घ्यावी. परभणीकराला थोडी सूट, कारण इंधन लांबून, मनमाडकडून येतं म्हणून तिथल्या पेट्रोलचा चढा भाव 2018 साली देशभरच्या बातम्यांत झळकला होता. सरकारचं म्हणाल तर 22 सप्टेंबर 2025 पासून इलेक्ट्रिकला जीएसटी 5 टक्के आणि या दीड लिटर इंजिनाच्या हायब्रीडला 40. एकाच घरात एक जावई आणि एक घरगडी.

इतक्या पैशात मिळालेली बॅटरी असते 0.76 किलोवॅट-तासाची. पाऊण युनिट! दोनशे वॅटचा कूलर पुरते चार तासही चालायचा नाही. तिचं सगळं कसब साठवण्यात नसून सारखं भरण्या-रिकामं होण्यात आहे. म्हणून मे महिन्यात नांदेडला चव्वेचाळीस अंशांत एसी लावून बाजारात थांबलात, की काही मिनिटं शांतता, मग बॅटरी उतरली की इंजिन आपणहून सुरू होतं. शेजारचा रसवाला दचकून मागं सरकतो, कारण त्याच्या मते गाडी मघाशीच बंद झालेली असते.

पेट्रोल पंपावर तोच घोळ उलटा. पोरगा म्हणतो, "गाडी बंद करा." तुम्ही म्हणता, "बंदच आहे," आणि नेमकं तेव्हाच इंजिन हुंकारतं. काचेवरचा हात मागे घेऊन तो तुमच्याकडं पाहतो. आवाजावर जाऊ नका. बटण दाबून, गाडी चालू असल्याचं सांगणारा 'रेडी'चा दिवा विझवा, मगच टाकीचं झाकण उघडा.

ॲव्हरेजचंही गणित उफराटं. रेंगाळणाऱ्या गर्दीत ही गाडी खूश, समृद्धी महामार्गावर 120 नं पळवली की मोटरला फार काम उरत नाही आणि इंजिनच राबतं. तिथं लिटरला 27 ची अपेक्षा ठेवू नका. त्यात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जवळपास दोन-तृतीयांशच ऊर्जा, म्हणजे आपल्याच उसानं आपलंच ॲव्हरेज खाल्लं. पण स्क्रीनवर आकडा दिसतो ना, तिथं माणूस बिघडतो. आकडा चढावा म्हणून हायब्रीडवाला 35 नं चालतो आणि मागं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर हॉर्न वाजवतो. ट्रॅक्टरनं ओव्हरटेक केलेली गाडी हा प्रकार याच माणसांमुळे सुरू झाला असावा.

कन्नड घाट उतरताना गिअरचा दांडा 'बी'वर टाका, ब्रेक कमी तापतात. अर्ध्यात बॅटरी गच्च भरली की इंजिन मोठ्यानं गुरगुरू लागेल. बिघाड नाही तो. वीज ठेवायला जागा उरली नाही म्हणून आता इंजिनच गाडी अडवतंय.

खरी काळजी धुळीची. बऱ्याच हायब्रीडमध्ये बॅटरीला थंड करणारा पंखा गाडीच्या आतलीच हवा ओढतो, आणि त्याची जाळी मागच्या सीटच्या आसपास असते. तिच्यावर तुरीचा कट्टा टेकवला, की बॅटरी तापते आणि मोटर हात आखडता घेते. कापसाच्या दिवसांत त्या जाळीवर गोधडीएवढा थर बसतो. मॅन्युअलमध्ये जागा शोधा आणि सर्व्हिसिंगला ती साफ करायला मुद्दाम सांगा, न सांगता कोणी हात लावत नाही. जास्त दाबाची वीज नेणारी नारिंगी केबल मात्र शोरूमच्या शिकलेल्या माणसाशिवाय कोणालाही उघडू देऊ नका, गावातला फिटर कितीही हुशार असला तरी. उंदराला हे सांगता येत नाही. त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॉनेट अधूनमधून उघडून बघा.

आणि महिनाभर उभी ठेवूच नका. मोठ्या बॅटरीखेरीज एक साधी बारा व्होल्टची बॅटरीही असते. गाडी जागी होते ती तिच्यावर. ती उतरली, की पाऊण युनिट आत भरलेलं असूनही 'रेडी'चा दिवा लागत नाही. तोवर गल्ली जमते. "लावा धक्का!" चार जण शर्टाच्या बाह्या वर सारून मागं उभेही राहतात. क्लच नाही, धक्क्यानं काही होत नाही, हे पटवण्यात पंधरा मिनिटं जातात, पाचवा म्हणतो, "लावून तं बघू." साधा उपाय म्हणजे दुसऱ्या गाडीवरून जम्पर केबल. चावीच्या आत लपवलेल्या धातूच्या चावीनं ड्रायव्हरचं दार उघडा, लाल-काळं कुठं लावायचं ते मॅन्युअलमध्ये बघूनच लावा. केबल डिक्कीत ठेवू नका. बारा व्होल्ट उतरले की डिक्कीचं कुलूपही बऱ्याचदा उघडत नाही. ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवा.