विम्याच्या फॉर्मवर बाबांचा स्टेंट लिहायचा की नाही?

आईबाबांच्या लग्नाला येत्या जूनमध्ये ५० वर्षं होतील. दादा सिएटलजवळ बेलव्ह्यूला असतो. त्याने ठरवलं की सगळ्यांनी मिळून अलास्काची क्रूझ करायची. ७ रात्री. सिएटलहून निघायचं, केचिकान, जुनो, स्कॅगवे, हिमनद्या, आणि येताना कॅनडातलं व्हिक्टोरिया. केबिनचे पैसे भरून झालेत. व्हिक्टोरियाला जहाज एका संध्याकाळपुरतं थांबतं, तरी भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतोच, त्याचीही तयारी चालू आहे. आईने ट्रंकेतले स्वेटर आत्तापासूनच उन्हात टाकलेत. राहिला होता फक्त विमा, आणि त्यावरून गेल्या रविवारी आमच्याकडे चांगलंच वाजलं.

बाबांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी छोटी जाळी, बसवलेला आहे. ते पोस्टातून निवृत्त झालेत. नोकरीभर त्यांनी लोकांना पोस्टल लाइफ इन्शुरन्स समजावून सांगितला. ही योजना १८८४ सालची आहे, हे ते आजही अभिमानाने सांगतात. त्यामुळे त्यांच्या मनात विमा म्हणजे मुदत संपली की हातात रक्कम पडते ती गोष्ट. "महिनाभर फिरून धडधाकट परत आलो तर हे ३३ हजार गेलेच ना? मग तो विमा कसला?" हा त्यांचा प्रश्न. मला तो हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांनी विम्याची पावती म्हणजे बचत असंच पाहिलंय. घराचा स्लॅब पडला तो त्या पैशांतून, मुलींची लग्नं झाली तीही त्यातूनच. परत न येणाऱ्या प्रीमियमला 'वाया गेला' म्हणण्याची सवय तिथून आलीय.

दादाचं म्हणणं, विमा घ्यायचाच, पण इथे घ्यायचा की त्याने अमेरिकेतून व्हिजिटर इन्शुरन्स, म्हणजे तिथे येणाऱ्या पाहुण्यांसाठीचा विमा, काढायचा ते बघू. आई म्हणाली, माझ्या शुगरचं बघा, बाकी मला काही कळत नाही. आणि आमचे टूरवाले फोनवर म्हणाले, "मॅडम, स्टेंट कशाला लिहिताय? २०१६ चा आहे. 'काही आजार नाही' टिक करा. प्रीमियम कमी बसेल आणि टेस्टही लागणार नाहीत."

या एका वाक्यासाठी मी ही पोस्ट लिहितेय. कारण हेच वाक्य दोन वर्षांपूर्वी माझ्या काकांना सांगितलं गेलं होतं.

काका अलिबागला असतात. काका-काकू सिंगापूरहून पेनांग-फुकेत अशा छोट्या क्रूझला गेले होते. काकांना ११ वर्षांपासून बीपीची गोळी. फॉर्म एजंटने भरला, काकांनी सही केली. 'उच्च रक्तदाब आहे का?' यापुढे 'नाही'. पहिल्याच रात्री जेवणानंतर छातीत दाब वाटू लागला. जहाजावरच्या दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त तपासलं, औषधं सुरू केली. डॉक्टर आणि नर्स फार चांगले होते असं काकू अजून सांगतात. पण जहाजावर अँजिओप्लास्टी होत नाही. त्यासाठी लागणारी कॅथ लॅब क्रूझवर नसते. तिथे रुग्णाला सावरून धरतात आणि पुढच्या बंदरावर उतरवतात. दुसऱ्या दिवशी पेनांगला रुग्णवाहिका आली, काका-काकू दोन बॅगांसकट उतरले आणि संध्याकाळी जहाज पुढे गेलं.

तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, आधी काही त्रास? काकांनी खरं ते सांगितलं. ११ वर्षं बीपी, रोज सकाळी एक गोळी. ते डिस्चार्ज कार्डावर छापून आलं. साडेनऊ लाखांचा क्लेम त्या एका ओळीवर नामंजूर झाला. डॉक्टरांपुढे काका खोटं बोलले नाहीत, बोलणं शक्यच नव्हतं, जीव त्यांच्या हातात होता. फॉर्मवरचं खोटं तर त्यांनी वाचलंही नव्हतं. पण सही त्यांचीच. मी त्यांना विमा लोकपालाकडे जायला सांगत होते. मुंबईला आणि पुण्याला कार्यालय आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही. काका म्हणाले, "कुठल्या तोंडाने जाऊ गं? फॉर्म माझाच आहे." एफडी मोडली. पैशांपेक्षा त्यांना ते 'नाही' जास्त लागलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

तर माझं मत स्पष्ट आहे. क्रूझसाठी विमा घ्यावा, परदेशातल्या क्रूझसाठी नक्कीच घ्यावा, पण आजार लपवून घेतलेल्या विम्यापेक्षा विमा न घेतलेला बरा. विमा नसेल तर निदान माणूस सावध असतो, पैसे बाजूला ठेवतो. लपवून घेतलेल्या पॉलिसीत प्रीमियमही जातो आणि तयारीही राहत नाही.

आता अलास्काच का मनात घर करून बसलंय ते सांगते. जुनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे रस्त्याने जाता येत नाही. एका बाजूला डोंगर आणि हिमक्षेत्र, दुसऱ्या बाजूला समुद्र. बोटीने या नाहीतर विमानाने. गावात हॉस्पिटल आहे, पण हृदयाचं गुंतागुंतीचं काही निघालं तर रुग्णाला विमानाने सिएटलला किंवा अँकरेजला हलवतात. जुनो ते सिएटल हवाई अंतर साधारण दीड हजार किलोमीटर. एक गोष्ट मला वाचून बरी वाटली: भर समुद्रातून अमेरिकेच्या कोस्ट गार्डने हेलिकॉप्टरने उचललं तर ते त्याचे पैसे घेत नाहीत. पण एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात नेणारी एअर अँब्युलन्स खासगी असते आणि तिचं बिल दहा-दहा हजार डॉलरच्या पटीत वाढत जातं. म्हणून पॉलिसी बघताना मी आधी 'मेडिकल इव्हॅक्युएशन'ची, म्हणजे रुग्णाला असं हलवण्याच्या खर्चाची, रक्कम बघते. बॅग हरवली तर किती मिळणार ते शेवटी. बॅगेत आईच्या साड्या असतील, त्या पुन्हा घेता येतील.

जहाजावरच्या दवाखान्याचं बिल तुमच्या जहाजावरच्या खात्यात, म्हणजे शेवटी क्रेडिट कार्डावर पडतं. तिथे आपल्याकडच्यासारखं कॅशलेस सहसा नसतं. आधी भरायचं, कागद जपायचे, मग मागायचे. म्हणून कार्डाची मर्यादा वाढवून घेणं हाही माझ्या मते विम्याचाच भाग आहे. आणि विमा कंपनीच्या मदतकेंद्राचा नंबर मोबाइलबरोबरच कागदावरही हवा. जहाजावर नेट महाग असतं आणि घाबरलेल्या माणसाला पीडीएफ सापडत नाही.

क्रूझच्या विम्याचा विषय निघाला की लोक मोठ्या बातम्या काढतात. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला अडकलेलं डायमंड प्रिन्सेस, ३,७११ माणसं, ७०० च्या वर कोविडबाधित, त्यात आपले भारतीय कर्मचारी. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेजवळ इंजिनं बंद पडलेलं व्हायकिंग स्काय, वादळात हेलिकॉप्टरने ४७९ जणांना एकेक करून वर उचललं. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेली कॉर्डेलिया, ६६ जण पॉझिटिव्ह निघाले आणि जहाज परत मुंबईला आलं. आमच्याकडे तर बोट म्हटलं की आजी रामदास बोटीचं नाव काढायची. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली, ६०० च्या वर माणसं गेली. ते दुःख आमच्या किनाऱ्यावर अजून आहे. पण विमा घ्यायचा तो या बातम्यांच्या भीतीने घेऊ नये असं मला वाटतं. घरातल्या माणसाचं वय, त्याच्या गोळ्या, ओल्या डेकवर सटकणारा पाय आणि खुब्याचं हाड, यांच्यासाठी घ्यावा. जहाज बुडण्यापेक्षा हे कितीतरी जास्त वेळा घडतं.

मुंबई-गोवा क्रूझला मी वेगळा विमा घेणार नाही, हेही सांगून टाकते. घरचा मेडिक्लेम चालू असेल तर गोव्यात उतरल्यावर हॉस्पिटलात तो चालतो, आणि समुद्रावर दोन रात्रीच असतात.

तिकिटाचे पैसे परत मिळण्याबद्दल दादाला फार आशा होती. मी त्याला म्हटलं, तू आधी कारणांची यादी वाच. आजारपण, घरातला मृत्यू अशा ठरावीक कारणांनाच पैसे मिळतात, आणि आपल्याकडच्या पॉलिसींत त्याची मर्यादा बहुतेक वेळा केबिनच्या किमतीहून कमी असते. मन बदललं, ऑफिसने रजा नाकारली, याला काही नाही. क्रूझ कंपनीचे नियमही असे की निघायची तारीख जवळ येईल तशी कापली जाणारी रक्कम वाढते आणि शेवटच्या काही दिवसांत सगळीच जाते. वाईट हवामानामुळे एखादं बंदर वगळलं तर करारात त्यांनी तो हक्क आधीच राखून ठेवलेला असतो. सगळ्यात जपायचं म्हणजे जहाज चुकणं. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतल्याच दोन बंदरांमध्ये प्रवासी नेता येत नाहीत. सिएटलहून निघून सिएटललाच परतायचं तर वाटेत एखादं परदेशी बंदर घ्यावं लागतं, व्हिक्टोरियाचा थांबा त्याच्यामुळेच असतो. आणि त्याच कायद्यामुळे 'सिएटलला जहाज चुकलं तर विमानाने केचिकानला जाऊन गाठू' हेही बहुतेक वेळा करू देत नाहीत, कारण मग चढायचं आणि उतरायचं बंदर वेगळं होतं. म्हणून मी आणि हे निघायच्या तीन दिवस आधी सिएटलला पोचणार आहोत. तीन दिवसांची जादा रजा हा कुठल्याही 'मिस्ड कनेक्शन' कव्हरपेक्षा भरवशाचा विमा आहे.

इथे घ्यायचा की तिथे, हा वाद अजून मिटलेला नाही. इथली पॉलिसी भारतातून निघण्याआधीच घ्यावी लागते, आणि घेताना 'अमेरिका-कॅनडा वगळून' असलेली स्वस्त पॉलिसी चुकून गळ्यात पडत नाही ना, ते नीट बघावं लागतं. साठीपुढच्यांना बऱ्याच पॉलिसींत खोलीभाडं, आयसीयू, शस्त्रक्रिया यांच्या वेगवेगळ्या मर्यादा असतात. वर ५ लाख डॉलर लिहिलेलं असतं आणि आतल्या कोष्टकात भलताच आकडा. अमेरिकेतल्या व्हिजिटर प्लॅनमध्ये स्वस्त असतात ते 'फिक्स्ड बेनिफिट'वाले. प्रत्येक उपचाराला ठरलेली रक्कम देतात, उरलेलं बिल तुमचं. तिथली बिलं बघता ते मी घेणार नाही. दुसऱ्या प्रकारच्या प्लॅनमध्ये जुना आजार अचानक उसळला तर काही प्रमाणात धरतात, पण वयाची अट असते, आणि बाबा ७६ चे आहेत. शिवाय तो प्लॅन जहाजावर आणि कॅनडातल्या थांब्यावर चालतो का, हे दादाने लेखी विचारलंय. उत्तर आलेलं नाही.

रविवारी शेवटी बाबांनीच विचारलं, "आणि खरं लिहूनही कोणी माझं हृदय धरलंच नाही तर?"

सगळे गप्प झालो. मग मी म्हटलं, तर आपल्याला ते आजच कळेल, बाबा. पेनांगच्या हॉस्पिटलात काकूला कळलं तसं कळणार नाही. मग तुमच्या हार्टच्या डॉक्टरांकडे जाऊ, ते जा म्हणाले तर दादा आणि मी मिळून एक रक्कम बाजूला ठेवू, आणि बाकीच्या सगळ्यासाठी, पडण्याझडण्यासाठी, तापासाठी, आईसाठी, विमा तरीही घेऊ. डॉक्टर नको म्हणाले तर लग्नाचा पन्नासावा वाढदिवस दादाच्या घरी करू. त्यावर आई म्हणाली, "मला हिमनदी नाही दिसली तरी चालेल. पण खोटं लिहून नको."

बाबांनी फॉर्म पुढे ओढला. चष्मा लावला. पोस्टातल्या अक्षरात लिहिलं: स्टेंट एक, २०१६. खाली गोळ्यांची नावं, रोजच्या वेळांसकट. टूरवाल्यांना मी कळवलं की आमचा फॉर्म आम्हीच भरणार.

एका कंपनीने दोन दिवसांत नाही म्हणून कळवलं. दुसरीने स्ट्रेस टेस्टचा आणि टू-डी इकोचा रिपोर्ट मागितलाय. मंगळवारी सकाळी साडेसातला बाबांना घेऊन जातेय.

तुमच्यापैकी कोणी सत्तरीपुढच्या आईवडिलांसाठी जुना आजार स्पष्ट लिहून पॉलिसी घेतली असेल आणि नंतर क्लेमची वेळ आली असेल, तर काय अनुभव आला ते कृपा करून कमेंटमध्ये लिहा. मिळाला असेल तरी लिहा, नसेल मिळाला तरी लिहा. इन्सुलिन घेऊन क्रूझला गेलेल्या कोणी जहाजावर फ्रिजची सोय कशी मागितली, तेही आईला हवंय.